कोकरू मेंढीच्या मागे

भरती चढायला लागली तशा मेंढ्या लांबच्या खडकांवरचं शेवाळ खायचं सोडून वर सरकू लागल्या, आणि बेटावरचं चालता येणारं प्रत्येक माणूस गडग्याच्या बाहेर येऊन उभं राहिलं. ओरडायचं नाही, पळायचं नाही, हात पसरून रांगेनं चालत राहायचं. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला छातीएवढा दगडी गडगा, पुढे मेंढ्या, मागे माणसं. अशी सगळी वरात हळूहळू कोंडवाड्यात शिरते. इंगा लहानपणापासून या रांगेत चालत आली होती. तिच्या डाव्या हाताला नेहमी आई असायची. या वर्षी तिथे धाकटी रूबी होती, ॲबर्डीनहून घालून आलेल्या पांढऱ्या बुटांत, आणि दर दहा पावलांना शेवाळावरून घसरत होती.

"आई असती तर म्हणाली असती, तुझे बूट बघून मेंढ्या हसतायत," इंगा म्हणाली.

"आई असती तर तिनं मला घरीच बसवलं असतं भाकऱ्या थापायला."

आई, जेमिमा, मोठ्या बेटावर, कर्कवॉलच्या वृद्धाश्रमात होती. मेंदूच्या दुसऱ्या झटक्यानंतर तिच्या बोलण्यातले सांधे निखळले होते. मार्चमध्ये डॉक्टरांनी लिहून दिलं की आता ती स्वतःचा कारभार समजून घेऊ शकत नाही, आणि त्या दिवशी तिनं आठ वर्षांपूर्वी धडधाकट डोक्यानं करून ठेवलेलं मुखत्यारपत्र जागं झालं. त्यात नाव इंगाचं होतं. थोरल्या भावाचं, एडविनचं नव्हतं. का नव्हतं, हे तेव्हा आईला कोणी विचारलं नव्हतं आणि आता विचारून उपयोग नव्हता.

दुपारी लोकर कातरून झाल्यावर एडविननं आपल्या कुरणाकडचं गडग्यातलं दार काढलं. व्यालेल्या मेंढ्या उन्हाळ्यात आत गवतावर असतात. आज त्या कोकरांसकट पुन्हा किनाऱ्यावर जायच्या होत्या. आईच्या मेंढ्या एकोणीस. वर्षानुवर्षं त्या एडविनच्याच कुरणात चरायच्या, पण कान कापून केलेली मालकीची खूण वेगळी. आईची खूण तिच्या माहेरची: डाव्या कानाचं टोक तिरकं उडवलेलं आणि उजव्या कानाला मागच्या बाजूनं एक खाच. एडविनची खूण वडिलांची, डेव्हीची: डाव्या कानाच्या टोकाला उभी चीर, बस. एका घरात दोन खुणा असलेलं बेटावर हे एकच घर होतं.

इंगा दारापाशी उभी राहिली. आईची जनावरं एकदा नजरेखालून घालणं आता तिचं कामच होतं. पहिली मेंढी आली, टोक उडवलेली. तिच्या मागे लुटूलुटू कोकरू आलं. त्याच्या डाव्या कानाला चीर होती. इंगाला वाटलं, कोकरू चुकून दुसऱ्या मेंढीच्या मागे लागलं असेल. मग दुसरी मेंढी, दुसरं कोकरू. तिसरं. सातव्या कोकराशी तिनं कान बघायचं सोडलं आणि भावाकडे बघितलं.

"एडविन, आजच्या दिवस यांना आतच राहू दे," ती म्हणाली.

त्यानं का म्हणून विचारलं नाही. मेंढ्या मागे फिरवल्या आणि दार लावून घेतलं. त्यावरूनच तिला कळलं की हे चुकून झालेलं नाही.

*

एडविननं भांडणाची तयारी केली होती. खरं तर वसंतापासून, हातात सुरी घेतली त्या सकाळपासून तो मनातल्या मनात हे भांडण भांडत होता आणि दर वेळी जिंकत होता. संध्याकाळी चारजण आईच्या स्वयंपाकघरात बसले होते: तो, दोघी बहिणी आणि टॉमस मास्तर. मास्तरांनी बेटाच्या शाळेत तिघांनाही शिकवलं होतं. आता शाळा बंद होती आणि मास्तर मेंढ्यांच्या पंचायतीचं खुणांचं पुस्तक सांभाळत होते. मटण शिजलं होतं, जवाच्या जाड भाकऱ्या होत्या. कोणी जेवणाआधी विषय काढला नाही. मग इंगानं ताट बाजूला सारलं.

"एडविन, मी रागावून विचारत नाहीये," ती म्हणाली. "मला खरंच कळत नाहीये. तू कधी कोणाचं एक अंडं उचललं नाहीस. मग हे का केलंस?"

हा प्रश्न त्याच्या मनातल्या भांडणात नव्हता. त्यानं गडग्याचं सांगितलं. ज्याच्या जितक्या मेंढ्या तितका गडगा त्यानं राखायचा, आणि आईच्या वाटणीचा गडगा चार हिवाळे त्यानंच उभा केला होता. वादळात दोनदा कोसळला, दोनदा रचला. मृत्युपत्राचं सांगितलं. कळप एडविनला, असं आईनं भर कोंडवाड्यात दहा वेळा म्हटलं होतं आणि कागदावरही तसंच होतं. जे उद्या आपलंच, त्याच्या कानावर आज खूण केली तर बिघडलं काय.

"हे झालं गडग्याचं आणि उद्याचं," इंगा म्हणाली. "या वर्षीच का? मागच्या वर्षी तू आईचीच खूण केलीस. मी होते तेव्हा."

एडविननं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. "मागच्या वर्षी या चुलीतून धूर निघत होता. आता मी पलीकडच्या घरात राहतो, हे घर बंद. धूर नसलेल्या घराची खूण किनाऱ्यावर राहत नाही. आजोबा सांगायचे. पंचायत खूण काढून घेते आणि जनावरं वाटून टाकते. मी म्हटलं, निदान कोकरं तरी वाचतील."

रूबी मास्तरांकडे वळली. "खरं आहे हे?"

टॉमस मास्तरांनी चष्मा पुसला. एकतीस वर्षं पुस्तक आपल्याकडे आहे, असं ते म्हणाले, आणि त्याआधीचं सगळं आपण दोनदा वाचलंय. असा नियम कुठेही नाही. लोक कॅनडाला गेले, घरं बंद पडली, मागे राहिलेल्यांनी बेवारशी मेंढ्या आपापल्या कळपात घेतल्या. घेतलेल्याला लाज वाटू नये म्हणून त्याचा नियम झाला. "पोरांनो, न लिहिलेले बरेचसे नियम असेच जन्मतात," ते म्हणाले.

म्हणजे चार महिने आपण एका नसलेल्या नियमाला भीत होतो. एडविनला स्वतःचंच नवल वाटलं.

रूबीला मात्र तेवढ्यावर समाधान नव्हतं. आल्यापासून ती आईची बाजू लावून धरत होती. आता ती म्हणाली की मग सरळ मार्ग घ्यावा, सगळा कळप विकून टाकावा. आईला मेंढ्यांचं आता काय, आणि मुखत्याराला विकायचा अधिकार आहे, हे तिनं कागदावर वाचलं होतं.

"अधिकार आहे," इंगा म्हणाली. "कारण नाही."

मार्चपासून इंगा कर्कवॉलच्या वकीलबाईंकडे, मिसेस लीस्ककडे, तीनदा जाऊन आली होती, आणि ऐकलेलं तिनं शाळकरी मुलीसारखं मनात घोकलं होतं. आईच्या वस्तू विकता येतात, पण आईच्या भल्यासाठी. तिला कशाची कमतरता नसताना विकल्या, तर तिचं भलं काय झालं? आणि मृत्युपत्रात जी वस्तू नाव घेऊन कोणाला दिलेली असते, ती आईच्या हयातीत विकली गेली तर त्या वस्तूपुरता तो कागद पोकळ होतो. कळप विकला की एडविनला ठेवलेलं काही उरत नाही.

"म्हणजे मी सही करून आईचं मृत्युपत्र खोडल्यासारखं होईल," इंगा म्हणाली. "ते माझं काम नाही."

एडविननं पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. ती आपल्या बाजूनं बोलत होती. मग ती पुढचं वाक्य बोलली, आणि ती आपल्या बाजूचीही नाही, हे त्याला समजलं.

"तसंच, जे तिनं मेल्यावर द्यायचं ठरवलंय ते मी तिच्या जिवंतपणी देऊ शकत नाही. मुखत्यारपत्रात विकणं आहे, सांभाळणं आहे, दुरुस्ती आहे. बक्षीस हा शब्द नाही. मिसेस लीस्कनी दोनदा वाचून दाखवलं. जो शब्द आईनं लिहिला नाही तो अधिकार मला नाही."

आता रूबी आणि एडविन एक झाले. संध्याकाळभर जे एकमेकांशी सरळ बोलत नव्हते ते दोघं मिळून इंगाला समजावू लागले. कोकरं एकोणीस, तीही शेवाळ खाणारी, हाताएवढी. मुखत्यारांवर देखरेख ठेवणाऱ्या फॉल्कर्कच्या कचेरीतलं कोण इथे कान तपासायला येणार आहे? घरातली गोष्ट घरात. रूबीनं मधला मार्गही काढला: कान आहेत तसे राहू देत, मास्तरांनी पुस्तकात लिहावं की ही एकोणीस जेमिमाची.

मास्तरांनी मान हलवली. "पुस्तक माझ्या कपाटात असतं, रूबी. मेंढी किनाऱ्यावर असते. दहा वर्षांनी कातरताना माणूस कान बघतो, कपाट नाही."

"आणि कोणी येऊन तपासणार नाही, म्हणून तर ते माझ्यावर आहे," इंगा म्हणाली. "उद्या सकाळच्या विमानानं तिघंही जाऊ. आईला विचारू."

"आईला?" रूबी म्हणाली. "फोनवर ती मला नर्स समजली. तिला विचारायचं काय?"

"तिचं तिला विचारायचं. आधी काय वाटत होतं आणि आज काय वाटतं, दोन्ही बघायचं, असं कायद्यातच आहे. आणि तुम्हालाही विचारायचं, म्हणून तर तासभर ऐकतेय."

जाताना मास्तर दारात थांबले. त्यांनी तपकिरी जाड कागद आणि कात्री मागितली. शाळेत ते पहिलीच्या पोरांना खुणा अशाच शिकवायचे, कागदाचे कान कापून. त्यांनी दहाबारा जोड्या कापल्या, काही कोऱ्या ठेवल्या, काहींना डेव्हीची चीर दिली. "जिभेला वाट सापडली नाही तर हाताला विचारा," ते म्हणाले.

*

रूबी घाबरली होती. विमानात ती एडविनच्या शेजारी बसली आणि दोघंही खिडकीतून खाली बघत राहिले. आई आपल्याला ओळखणार नाही हे तिला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं.

आई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती, केस नीट विंचरलेले, गुडघ्यांवर शाल. तिनं रूबीकडे बघून हसून सांगितलं की केस आज नकोत, शुक्रवारीच कापले. रूबी म्हणाली, बरं. इंगाला बघून आईनं हात पुढे केला, नाव मात्र घेतलं नाही. मग तिची नजर दारात टोपी चुरगळत उभ्या असलेल्या एडविनवर गेली.

"ये रे बडो," ती बेटावरच्या लाडाच्या शब्दात म्हणाली. "भिजलास का, डेव्ही?"

डेव्हीला जाऊन अकरा वर्षं झाली होती. एडविन येऊन तिच्यासमोरच्या स्टुलावर बसला.

इंगानं घाई केली नाही. आधी कोंडवाड्याचं सांगितलं, भरतीचं सांगितलं, रूबीच्या बुटांचं सांगितलं. आई ऐकत होती की नाही, कळत नव्हतं. मग इंगानं कागदी कानांची एक कोरी जोडी तिच्या मांडीवर ठेवली आणि आश्रमातून मागून आणलेली बोथट टोकाची कात्री तिच्या हातात दिली.

आईनं कागद उलटसुलट केला. त्याला मधोमध लांबट घडी घातली, मेंढीचा कान चिमटीत धरतात तशी. डाव्या कानाचं टोक तिरकं उडवलं. उजव्या कानाला मागून खाच घेतली, दोन वारांत. आणि खाली ठेवून दुसऱ्यासाठी हात पुढे केला. बरणीचं झाकण उघडताना अडखळणारे आईचे हात रूबीनं गेल्या नाताळात पाहिले होते. हे हात ते नव्हते.

दुसरी जोडी इंगानं चीर असलेली दिली.

"हा डेव्हीचा," आई म्हणाली.

"हो. पण मेंढी तुझी आहे, आई. मेंढी तुझ्या खुणेची आणि तिच्या कोकराला ही चीर. मग कोकरू कोणाचं?"

आईला हा प्रश्न फार सोपा वाटला असावा. "मेंढी ज्याची त्याचं. कोकरू मेंढीच्या मागे जातं." मग तिनं कागदाकडे बघितलं, समोर बसलेल्या माणसाकडे बघितलं आणि म्हणाली, "पुन्हा?"

रूबी पुढे वाकली.

"पुन्हा म्हणजे, आई?" रूबीनं विचारलं. ती केस कापणारी बाई आहे हे विसरून विचारलं.

आईनं सांगितलं. एका दमात नाही; मध्येच ती शुक्रवारवर गेली, मध्येच कोणा ग्रेटाच्या गाईवर, पण इंगा दर वेळी हळूच तिला कोंडवाड्याशी आणून सोडत होती. लग्नानंतरचा पहिला उन्हाळा. डेव्हीनं तिच्या सगळ्या कोकरांना आपली खूण केली. आता घर एक तर खूण एक, असं म्हणाला. तिनं सुरी मागून घेतली आणि सगळ्या बेटासमोर एकेका कोकराच्या कानाचं टोक उडवलं. टोकाबरोबर चीरही गेली.

"मी म्हटलं, लग्नात तू मला आणलंस, माझ्या मेंढ्यांना नाही." आई हसली. "आठवडाभर बोलला नाही बिचारा."

"मग?" हा एडविन होता. आल्यापासूनचा त्याचा पहिला शब्द.

"मग काय. दर वर्षी एक द्यायची मी त्याला. चांगली मादी, निवडून. आपल्या हातानं." तिनं पुढे होऊन त्याच्या गुडघ्यावर थापटलं. "तू विचारायचं होतंस, बडो. मी नाही म्हटलं असतं का?"

तिनं चीर असलेला कागद घडी करून चिमटीत धरला आणि टोक उडवलं. चिरेसकट तुकडा शालीवर पडला. मग खाच घेतली, आणि ती जोडी आपल्या पहिल्या जोडीवर ठेवली.

"चुकलं," एडविन म्हणाला.

बाहेरच्या बोळात आल्यावर रूबीनं इंगाचा दंड धरला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसतही होती. या घरात आपण वाढलो आणि ही गोष्ट आपल्याला कोणी सांगितली नाही, याचंच तिला राहून राहून नवल वाटत होतं. "ऐकलंस ना? नाही म्हटलं असतं का, म्हणाली. म्हणजे हो. म्हणजे देते म्हणाली ती. लिही तुझ्या वहीत."

इंगानं वही काढली आणि आई जे बोलली ते तारीख घालून, तिच्याच शब्दांत लिहिलं. लिहून झाल्यावर ती काही बोलणार, त्याआधी एडविन बोलला.

"ती डेव्हीला म्हणाली," तो म्हणाला. "मला नाही. आणि देते म्हणाली नाही, विचारायचं होतंस म्हणाली." त्यानं चुरगळलेली टोपी सरळ केली. "माझा कळप बाबांचा म्हणून मी एवढा मिरवायचो. त्यातला निम्मा तिनं दिलेल्या मेंढ्यांचा आहे."

*

तिसऱ्या दिवशी सकाळी एडविननं एकोणीस मेंढ्या आणि एकोणीस कोकरं कोंडवाड्यात आणली. लपूनछपून नाही, वाटेवर दिसेल त्याला सांगत आणली. बेटावर पाऊणतासात सगळ्यांना कळलं. काहीजण गडग्याला टेकून बघायला आले. टॉमस मास्तर पुस्तक घेऊन दगडावर बसले.

सुरी एडविननंच धार लावून आणली होती. ती त्यानं मूठ पुढे करून इंगाला दिली.

"तू काप," इंगा म्हणाली. "मला सवय नाही. त्यांना दुखेल."

"मी कापलं तर ते मीच पुन्हा केल्यासारखं होईल. कागदावर तुझं नाव आहे. तिच्या जागी तुझा हात. मी धरतो."

त्यानं पहिलं कोकरू गुडघ्यांत धरलं आणि कान बोटांवर पसरून दाखवला. कुठे शीर आहे, कुठे नाही, सुरी कशी तिरकी धरायची, एका वारात कसं संपवायचं. इंगाचा पहिला वार चांगला बसला नाही. दुसऱ्या कोकराला जमलं. रूबी औषधाची वाटी घेऊन शेजारी उभी होती आणि प्रत्येक कानाला बोळा लावत होती. तिच्या बुटांचा पांढरा रंग आता ओळखू येत नव्हता. सुटलेलं कोकरू मान झटकायचं, बें करायचं आणि पळत जाऊन आपल्या आईच्या पोटाखाली घुसायचं. मग मास्तर पुस्तकात एक रेघ ओढायचे.

अठरा झाली. एकोणिसावी मादी होती, करड्या रंगाची, रुंद पाठीची, सगळ्यात देखणी. एडविननं तिला धरलं, पण कान पुढे करायला त्याला जरा वेळ लागला. इंगालाही दिसत होतं. आई असती तर हीच निवडली असती. रूबीनं बहिणीकडे बघितलं. गडग्याला टेकलेली माणसं पुढे वाकली. एकच कोकरू चिरेसकट राहिलं तर? मास्तरांनीसुद्धा न पाहिल्यासारखं करून खाली मान घातली असती, कदाचित.

इंगा थांबली. आईनं दिली असती, यात तिला काडीचीही शंका नव्हती. पण दिली असती आणि दिली यांच्यामध्ये आई स्वतः होती, अजून जिवंत, कर्कवॉलला खिडकीपाशी बसलेली.

"धर," ती म्हणाली.

एडविननं कान पसरून दिला. तिनं टोक उडवलं, खाच घेतली. त्यानं पकड सोडली, तसं कोकरू उडी मारून निघालं. दोघंही ते आपल्या मेंढीशी पोचेपर्यंत बघत राहिले.

"पुढच्या वर्षी मी विचारीन," एडविन म्हणाला.

"मला?"

"आईला."

इंगानं सुरी गवतावर पुसली. "ती हो म्हणाली तरी मला नाहीच म्हणावं लागेल, एडविन."

"माहितेय," तो म्हणाला. "पण विचारीन." आणि गडग्यातलं दार काढायला गेला.